गव्हाणीभोवतीचे गाव

सिसिली बेटाच्या वायव्य टोकाला, त्रापानी शहराच्या पलीकडे, कुस्तोनाची नावाचे एक लहान गाव आहे आणि वर्षाचे जवळजवळ सगळे दिवस ते दगडावर जगते. गावाभोवतीच्या डोंगरांत खाणींनी कापलेल्या फिकट पायऱ्या फार दुरून दिसतात. 'पेर्लातो दी सिचिलिया' या नावाने जगभर जाणारा, हस्तिदंती रंगाचा, अंगावर मोतिया ठिपके असलेला संगमरवर इथलाच. इथल्या मारियामातेच्या देवळाला येणारे भाविक सोडले, तर बाहेरचे लोक इथे फारसे थांबत नाहीत. ते खाणींवरून येणाऱ्या ट्रकांना चुकवत सान व्हीतो लो कापोच्या समुद्रकिनाऱ्याकडे निघून जातात. नाताळ ते ६ जानेवारी या दिवसांतल्या ठरावीक संध्याकाळी मात्र याच गावाच्या स्कुराती नावाच्या वाडीकडे जाणारा अरुंद रस्ता गाड्यांनी भरून जातो, कारण तिथे कोफानो डोंगराच्या पायथ्याशी, एका गुहेत, येशूजन्माचा 'जिवंत प्रेझेपे' मांडलेला असतो.

प्रेझेपे म्हणजे येशूजन्माचा देखावा: गव्हाणीत ठेवलेले बाळ, त्याचे आईबाप मारिया आणि योसेफ, आणि त्याला पाहायला आलेले मेंढपाळ. इटलीत नाताळात तो घरोघरी मातीच्या, लाकडाच्या किंवा हल्ली प्लॅस्टिकच्या बाहुल्यांनी मांडतात. बाहुल्यांच्या जागी गावातली माणसे आणि गोठ्यातली जनावरे उभी केली की तो जिवंत प्रेझेपे होतो. असे देखावे इटलीतल्या कितीतरी लहान गावांत होतात आणि त्यांतले बरेचसे, स्पष्टच सांगायचे तर, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या वरच्या पायरीला जात नाहीत. कुस्तोनाचीचा प्रेझेपे वेगळा आहे तो गुहेमुळे, असे मला तिथे नेणाऱ्या पालेर्मोच्या स्नेह्यांनी सांगितले होते. ते खरेच आहे, पण तिथून परतल्यावर मला जास्त महत्त्वाची वाटली ती त्या गुहेत राहून गेलेल्या माणसांची गोष्ट.

मांजापाने गुहा म्हणजे डोंगराला वरपासून खालपर्यंत पडलेली एक उभी भेग आहे. तिची उंची सुमारे ७० मीटर, रुंदी जेमतेम १३ मीटर आणि खोली ५० मीटरच्या आसपास. या परिसरातल्या गुहांत अश्मयुगीन माणसांची दगडी हत्यारे सापडलेली आहेत, म्हणजे आसऱ्याची जागा म्हणून ती माणसाला फार पूर्वीपासून माहीत होती. एकोणिसाव्या शतकात मांजापाने आडनावाच्या एका कुटुंबाने गुहेत आणि तिच्या तोंडाशी दगडी घरे बांधली. पुढे कुटुंब वाढत गेले तशा खोल्या, गोठे, भट्टी आणि एक छोटेसे प्रार्थनाघरही उभे राहिले, आणि मधून दगडी फरसबंदीची गल्ली निघाली. विसाव्या शतकाच्या मध्यास ही वस्ती उठली. घरे रिकामी पडली, आणि १९८०च्या दशकात गावकऱ्यांनी तीच घरे झाडून, सारवून, त्यांत पुन्हा दिवे लावून प्रेझेपे सुरू केला. इथे नेपथ्य म्हणून काही उभारावेच लागत नाही. येशूच्या जन्मगावासाठी, बेथलेहेमसाठी, लागणारे सगळे एका शेतकरी कुटुंबाने आपल्या गरजेपोटी आधीच बांधून ठेवले होते.

आत शिरल्यावर पहिला बराच वेळ मारिया आणि योसेफ कुठे दिसतच नाहीत. गल्लीच्या दोन्ही अंगांना दीडशेहून अधिक माणसे आपापल्या कामात असतात आणि तुमच्याकडे त्यांचे विशेष लक्ष नसते. एकजण गाढवाच्या खुराला नाल ठोकत असतो, त्याच्या पलीकडे एक बाई दोन काटेरी फळ्यांमध्ये लोकर पिंजत असते, तर तिच्या मागच्या खोलीत दोघी बदाम फोडत बसलेल्या असतात. दुसऱ्या दारात चांभार, तिसऱ्यात कल्हईवाला. कुणी संवाद म्हणत नाही, कुणी हातवारे करत नाही. विचारले तर उत्तर देतात, तेही हात न थांबवता आणि बहुधा सिसिलियन बोलीत. त्यामुळे पुस्तकातून इटालियन शिकलेल्या माझ्यासारखीला त्यातले निम्मेच कळते.

सगळ्यांत मोठा घोळका रिकोत्ताच्या कढईभोवती होता, आणि मीही तिथेच सर्वांत जास्त रेंगाळले. मेंढीच्या दुधाला मुरवण लावून त्याचे आधी चीज करतात. चीज निघाल्यावर जे हिरवट पाणी उरते ते पुन्हा आचेवर चढवतात, त्यात थोडे ताजे दूध घालतात आणि मग वाट पाहतात. तो मेंढपाळ मोठ्या काठीने तळ सांभाळत होता, लाकूड पुढेमागे सरकवून आच कमीजास्त करत होता, आणि पाणी उकळीला येण्याच्या अलीकडे पृष्ठभागावर पांढरे ढग जमू लागताच त्याने ढवळणे एकदम थांबवले. त्यानंतर काठी फिरवली तर ढग मोडतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते, असे त्याने समोरच्या शाळकरी मुलांना बजावले. मग झाऱ्याने ते ढग अलगद काढून वाडग्यांत, खाली वाळलेल्या पावाचे तुकडे घालून, वर थोडे गरम पाणी सोडून त्याने ते वाटले. या पदार्थाला मीठसाखर काही लागत नाही. आपल्याकडे खरवस पहिल्यांदा खाणाऱ्या पाहुण्याची जी अवस्था होते, तीच माझी झाली असावी, कारण माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो पहिल्यांदाच हसला.

त्या मेंढपाळाने नाटक केले का? त्याच्या अंगावर जाड लोकरीचा झगा होता आणि डोक्याला फडके होते, म्हणजे पोशाख होता. पण दूध खरे होते, त्याच्या हाताची सवय खरी होती, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो आपल्या घरी हेच काम रबरी बूट आणि प्लॅस्टिकचा एप्रन घालून करणार होता. त्याला गव्हाणीकडे जाणाऱ्या मेंढपाळाची भूमिका दिली होती असे म्हणणे जड जाते. मेंढपाळ होताच, गव्हाण तेवढी त्याच्या गावात आली होती.

या प्रकाराचे मूळ शोधत गेले की माणूस ग्रेच्चोला पोचतो. रोमच्या ईशान्येला, रिएतीच्या खोऱ्यावर, कड्याला चिकटून असलेले हे छोटे गाव. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ सालच्या नाताळाआधी साधारण पंधरा दिवस तिथल्या जोव्हान्नी नावाच्या उमरावाला निरोप धाडला, की बेथलेहेममध्ये ते बाळ कोणत्या हालात, कसे गवतावर ठेवले गेले, हे मला माझ्या डोळ्यांनी पाहायचे आहे, तेव्हा एक गव्हाण, थोडे गवत, एक बैल आणि एक गाढव तयार ठेव. फ्रान्सिस १२२६ मध्ये वारला आणि त्यानंतर दोनतीन वर्षांतच तोमासो दा चेलानो या त्याच्या पहिल्या चरित्रकाराने त्या रात्रीचे वर्णन लिहिले. त्यात मारिया नाही, योसेफ नाही, बाळसुद्धा नाही. आसपासच्या वस्त्यांतली माणसे मशाली आणि मेणबत्त्या घेऊन रानातून आली, गव्हाणीवर मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती सामूहिक उपासना, झाली, फ्रान्सिसने शुभवर्तमान गायले आणि प्रवचनात बेथलेहेमचे नाव उच्चारताना तो मेंढरासारखा बें-बें करत होता. जमलेल्यांपैकी एका सज्जनाला तेवढे रिकाम्या गव्हाणीत निजलेले बाळ दिसले. पुढे ते गवत लोकांनी जपून ठेवले आणि आजारी जनावरांना चारले. जनावरे बरी झाली, असे चेलानो सांगतो. हा शेवटचा तपशील मला फार आवडतो. चमत्काराचा पहिला लाभ कोणाला झाला, तर गावच्या गुराढोरांना.

म्हणजे पहिल्या प्रेझेपेत पवित्र कुटुंब नव्हते आणि गाव होते. पुढच्या काळात हे उलटे होत गेले. असिसीच्या वरच्या बॅसिलिकेत, म्हणजे फ्रान्सिसच्या नावाच्या मोठ्या चर्चमध्ये, जोत्तो या चित्रकाराच्या नावावर सांगितले जाणारे ग्रेच्चोचे भित्तिचित्र आहे, आणि त्यात रान गायब झालेले आहे: प्रसंग चर्चच्या आतल्या कठड्यापाशी घडतो, गर्दी धर्मगुरूंची आणि चांगल्या कपड्यांतल्या पुरुषांची आहे, आणि बाया मधल्या दारात दाटीने उभ्या राहून डोकावताहेत. बैल आणि गाढव तेवढे आहेत, तेही फार लहान. सामान्य माणसांना पुन्हा आत आणले ते नेपल्सच्या कारागिरांनी. अठराव्या शतकातल्या त्यांच्या प्रेझेपेत खानावळ आली, खाटीक आला, कोळीण आली, भिकारी आले, आणि गव्हाण शोधून काढावी लागेल इतका बाजार भरला. दिवाळीतल्या किल्ल्यावर महाराज एकटे सिंहासनावर असतात आणि खालच्या उतारावर गवळण, भाजीवाली, पाणी भरणारी आणि एखादा वाघही दाटीवाटीने नांदत असतो, तसेच काहीसे हे. त्रापानीच्या कारागिरांचा माल वेगळा होता. तिथल्या पेपोली संग्रहालयात पोवळ्यांनी मढवलेले प्रेझेपे आहेत, आणि ते पाहिले की डोळे दिपतात. पण ते श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी घडवलेले होते आणि त्यांतल्या मेंढपाळाला मेंढ्यांचा वास येत नाही.

फ्रान्सिसच्या संघाचे साधू पोर्तुगीजांबरोबर १५१७ मध्ये गोव्यात आले आणि पुढे वसईतही त्यांनी मठ बांधले. गोव्यातल्या आणि वसईतल्या ख्रिस्ती घरांत नाताळाला गोठा मांडतात तो याच वाटेने आलेला वारसा मानायला हरकत नाही. वसईत माझ्या लहानपणी शेजारच्या आळीतली मुले डिसेंबर लागला की पेंढा, बांबू आणि रंगवलेली पोती गोळा करू लागत, आणि त्यांचा योसेफ आमच्याच गावच्या बावखळाशी, म्हणजे छोट्या तळ्याशी, उभा असे. त्यामुळे कुस्तोनाचीतल्या मारियाला सिसिलियन म्हातारीची शाल का, असा प्रश्न मला पडला नाही.

मात्र एक प्रश्न पडला, आणि तो सगळी संध्याकाळ माझ्याबरोबर चालत होता. ज्या घरांतून माणसे सुटका झाल्यासारखी बाहेर पडली, तीच घरे आता तिकीट काढून पाहण्यासारखी कशी झाली? दक्षिण इटलीतल्या मातेरा शहरात याचे मोठे उदाहरण आहे. तिथल्या सास्सी नावाच्या डोंगरकोरीव वस्तीत हजारो माणसे गुहांमध्ये जनावरांसह राहत होती. ही राष्ट्राला शरम आणणारी गोष्ट ठरली आणि १९५२च्या कायद्याने सुमारे पंधरा हजार लोकांना तिथून टप्प्याटप्प्याने नव्या वस्त्यांत हलवण्यात आले. १९९३ मध्ये त्याच रिकाम्या गुहा युनेस्कोच्या वारसायादीत गेल्या, तिथे हॉटेले निघाली, आणि आता नाताळात तिथेही जिवंत प्रेझेपे होतो. आजोबांना ज्या पत्त्याची लाज वाटली, त्या पत्त्यावर नातू परदेशी पाहुण्यांना खोली भाड्याने देतो. याची थट्टा करणे सोपे आहे, पण मला ती करवत नाही, कारण गरिबी गेल्याशिवाय तिच्यातले हुन्नर नीट दिसत नाही, हेही तितकेच खरे असावे. जगण्यासाठी टोपली विणणाऱ्याला कोणी थांबून पाहत नाही.

भट्टीजवळ पाव भाजणाऱ्या एका वयस्क बाईंना मी हे थोड्या वेगळ्या शब्दांत विचारले. त्या गरम पाव मधोमध फाडून त्यावर ऑलिव्हचे तेल, टोमॅटो, खारवलेले मासे, चीज आणि ओरेगानो घालून भराभर वाटत होत्या. याला पाने कुन्त्सातो म्हणतात आणि घरात दुसरे काही नसले की पूर्वी हेच जेवण असे.

"सिन्योरा, पूर्वी इथे खरोखर असेच होते का हो?" मी म्हणाले.

"असे? असे कुठले, पोरी!" त्यांनी पाव माझ्या हातात कोंबला. "चीज इतके घालत नसत. माझी आई अशाच घरात वाढली. ती आज असती तर इथे पाऊल ठेवले नसते तिने. म्हणाली असती, एकदा बाहेर पडले तेवढे पुरे."

"मग तुम्ही का येता?"

"भट्टी पेटवायला येते. घरी विजेची आहे, तिच्यात असा पाव होत नाही."

एवढे बोलून त्या पुढच्या माणसाकडे वळल्या. त्यांच्या उत्तरात गावाच्या परंपरेचा, संस्कृतीरक्षणाचा किंवा पुढच्या पिढीचा एकदाही उल्लेख नव्हता, आणि म्हणूनच त्यावर माझा विश्वास बसला. भट्टी लाकडाची हवी, ती तापवायला वेळ आणि मदतीला चार माणसे हवीत, आणि एवढा पाव खाणारी गर्दी हवी. हे सगळे एकत्र जुळण्याची सवलत वर्षातून थोड्याच दिवशी मिळते. येशूजन्माच्या निमित्ताने गाव आपल्या हातांना ती सवलत काढून देते.

हे माझे म्हणणे धार्मिक माणसाला अपुरे वाटेल, याची मला कल्पना आहे. गुहेच्या शेवटच्या कोपऱ्यात, जिथे छत अंधारात नाहीसे होते, तिथे अखेर मारिया, योसेफ आणि बाळ दिसतात, आणि तिथे पोचल्यावर गर्दीचा आवाज आपोआप खाली येतो. माझ्या पुढच्या माणसाने टोपी काढली. एक आजी गुडघे टेकता येत नाहीत म्हणून भिंतीला धरून वाकल्या. बाजूला एकजण चारामेद्दा वाजवत होता. बकऱ्याच्या अख्ख्या कातड्याच्या पिशवीत फुंकलेली हवा काखेत दाबून वाजवायचे हे वाद्य नाताळाच्या आधीच्या नऊ दिवसांत सिसिलीच्या गल्ल्यांतून ऐकू येते, आणि दगडी भिंतींमध्ये त्याचा आवाज अंगावर येतो. बाळ खरे होते. मारिया झालेल्या मुलीने शालीच्या आत त्याला शिवणीची आजच्या काळातली टोपी घातलेली होती, कारण डिसेंबरात गुहेत गारठा असतो, आणि ऐतिहासिक अचूकतेपेक्षा तिला त्याच्या सर्दीची काळजी जास्त होती.

या बाळाची पंचाईत पुढच्या काळात वाढणार आहे. अब्रुत्सो प्रांतात रिविझोन्दोली नावाचे एक डोंगरी गाव आहे. तिथे १९५१ पासून ५ जानेवारीला जिवंत प्रेझेपे होतो आणि गावात सर्वांत शेवटी जन्मलेल्या मुलाला येशू करण्याची रीत आहे. ही रीत ठरली तेव्हा इटलीतल्या गावांना बाळांची ददात नव्हती. १९६४ मध्ये या देशात दहा लाखांहून जास्त मुले जन्मली होती. २०२३ मध्ये तो आकडा ३ लाख ८० हजारांच्या आत आला. तरुण माणसे उत्तरेला किंवा जर्मनीला गेलेली असतात आणि नाताळाला आईवडिलांकडे येतात, त्यामुळे या दिवसांत गाव अचानक भरलेले वाटते. माझ्या स्नेह्यांच्या मते कुस्तोनाचीच्या गल्लीत लोकर पिंजणाऱ्या आणि विटा थापणाऱ्या तरुण चेहऱ्यांतले काही असेच सुटीवर आलेले होते. आठवडाभर उत्तरेतल्या तोरिनो शहरात कार्यालयात संगणकासमोर बसणाऱ्या मुलीला आजीची फणी कशी धरायची हे या निमित्ताने विचारावे लागते, आणि आजीला ते दाखवावे लागते.

बाहेर पडण्याच्या वाटेवर एक म्हातारे गृहस्थ टोपली विणत बसले होते. कोफानोच्या उतारांवर जुम्मारा नावाचा खुजा ताड माजलेला असतो. त्याच्या मधल्या, न उमललेल्या कोवळ्या पानांना कुरीना म्हणतात. ती कापून, उन्हात पांढरी करून, चिरून, तिच्या पट्ट्यांची लांब वेणी घालतात आणि वेणी गोल शिवत नेली की टोपली होते. गाढवाच्या पाठीवर दोन बाजूंना लटकवायच्या मोठ्या टोपल्यांपासून भाकरीच्या छोट्या टोपलीपर्यंत एके काळी इथे सगळे याचेच होते. त्यांच्या मांडीवरची टोपली निम्मी झालेली होती आणि तिची वीण इतकी सारखी होती की मी किंमत विचारली. ती विकायची नाही, असे ते म्हणाले. पुरी झाली की देणार का, असे विचारल्यावर त्यांनी हातातली मोठी सुई बाजूला ठेवली आणि समजावून सांगितले, की ही पुरी होणारच नाही: रोज रात्री घरी जाताना ते शेवटचे दोन वळसे उसवतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी येणाऱ्यांना वेणी टोपलीला कशी जोडतात ते पाहता येते, नाहीतर एक टोपली संपली की नव्याने तळ बांधायला बसावे लागते आणि तळ बांधताना पाहण्यासारखे काही नसते. खऱ्या टोपल्या घरी आहेत, ६ जानेवारीनंतर या, असे सांगून त्यांनी मापे विचारली. मी हाताने दाखवलेले माप त्यांना ढोबळ वाटले. कशासाठी हवी आहे ते सांगा, बटाट्यांसाठी वेगळी आणि पावासाठी वेगळी, आणि दोन कड्या हव्या असतील तर पैसे जास्त पडतील.

कांद्यांसाठी हवी आहे, मी म्हणाले, आणि कड्या दोन.